मैद्याच्या जाहिरातीतून उभा राहिलेला ब्लूज फेस्टिव्हल: हेलेनाचं किंग बिस्किट

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यात हेलेना नावाचं दहा हजारांच्या आतलं गाव आहे, तिथे दर ऑक्टोबरमध्ये ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा, किंग बिस्किट ब्लूज फेस्टिव्हल भरतो, परदेशातूनही माणसं येतात, तर एवढ्याशा गावात हे कसं काय उभं राहिलं, नावात बिस्किट कुठून आलं, आणि आपल्याकडे असं काही करायचं झालं तर त्यातून काय घेता येईल. मी पंचवीस वर्षं माउथ ऑर्गन वाजवतो आणि शिकवतो, मधली नऊ वर्षं नोकरीनिमित्त मेम्फिसला होतो, तिथून हेलेना गाडीने साधारण दीड तास, त्यामुळे ऑक्टोबर आला की माझी रजा ठरलेली असायची. उत्तर लांबणार आहे, दोन ओळीत उरकण्यासारखा हा विषयच नाहीये.

आधी बिस्किट. चहात बुडवायचं ते बिस्किट हे नव्हे. तिकडे दक्षिणेत बिस्किट म्हणजे मैदा, लोणी किंवा चरबी आणि ताक घालून भाजलेला छोटा मऊ पाव, पदर सुटतात त्याला, सकाळी गरम गरम ग्रेव्हीत बुडवून खातात. किंग बिस्किट हा अशा पावासाठीच्या मैद्याचा ब्रँड होता, हेलेनातल्या इंटरस्टेट ग्रोसर कंपनी नावाच्या होलसेल किराणावाल्यांचा. म्हणजे फेस्टिव्हलच्या नावात कुणा गायकाचं नाव नाही, गावाचं नाही, मैद्याच्या पोत्यावरचं नाव आहे, आणि ते का हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

1941 साली हेलेनात केएफएफए नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. राइस मिलर नावाचा माउथ ऑर्गनवाला आणि रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर नावाचा गिटारवाला असे दोघं तिथे गेले, आम्हाला वाजवायला वेळ द्या म्हणाले. स्टेशनवाल्यांनी सांगितलं की आधी स्पॉन्सर आणा. तो मिळाला इंटरस्टेट ग्रोसरच्या मॅक्स मूर यांच्या रूपाने, मैदा खपवायचा होता, गिऱ्हाईक कोण तर शेतात राबणारी काळी माणसं, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर त्यांचंच गाणं हवं. 21 नोव्हेंबर 1941 ला 'किंग बिस्किट टाइम' पहिल्यांदा हवेत गेला. पंधरा मिनिटं, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला, लाइव्ह. वाजवणाऱ्यांना मोठा फायदा हा की आज रात्री आम्ही अमुक ठिकाणी वाजवतोय हे रेडिओवरून सांगता यायचं, आणि रात्री तिथल्या ज्यूक जॉइंटला, म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या दारू-नाच-गाण्याच्या अड्ड्याला, गर्दी व्हायची.

दुपारची वेळ नीट लक्षात घ्या, सगळी गोम तिथे आहे. डेल्टा म्हणजे मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांची सपाट काळी जमीन, आपल्या विदर्भातल्या माणसाला ती बघून फार परकं वाटणार नाही, नजर जाईल तिथपर्यंत कापूस. ही जमीन कसणारे बहुतेक काळे शेतकरी अर्धेलीवर होते, बी-बियाणं, किराणा सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि वर्षअखेरीला मालक जो हिशोब सांगेल तो हिशोब. वेचणीच्या दिवसात पहाटेपासून वाकून काम करायचं, दुपारी जेवायला काय ती सुट्टी, आणि नेमक्या त्या सुट्टीत बॅटरीवरच्या रेडिओतून आपल्यातलाच एक माणूस आपल्या बोलीत गातोय, आणि तोही रोज! पुढे ब्लूजचे मोठे गिटारवाले झालेले बी. बी. किंग तरुणपणी नदीपलीकडे इंडियानोलाच्या शेतात काम करायचे, तेही दुपारी हा प्रोग्रॅम ऐकायचे. जेम्स कॉटन तर लहानपणी रेडिओवर तो माउथ ऑर्गन ऐकूनच वेडे झाले आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात तो वाजवणाऱ्याकडे शिकायला हेलेनाला येऊन पोचले, पुढे जाऊन शिकागोतल्या गाजलेल्या ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवायला लागले.

आता त्या वाजवणाऱ्याबद्दल. राइस मिलर रेडिओवर स्वतःला सनी बॉय विल्यमसन म्हणवून घ्यायचे. गंमत अशी की त्या नावाचा एक खरा, रेकॉर्डवर गाजलेला माउथ ऑर्गनवाला तेव्हा शिकागोत हयात होता, जॉन ली विल्यमसन, त्याचा 1948 मध्ये खून झाला. म्हणून पुस्तकात आता पहिला सनी बॉय आणि दुसरा सनी बॉय असं लिहितात. नाव उसनं होतं हे खरं, पण वाजवणं उसनं नव्हतं, आणि मी हे माउथ ऑर्गन रोज हातात धरणारा माणूस म्हणून सांगतो.

जरा जवळून बघू. माउथ ऑर्गनला दहा भोकं, प्रत्येकात फुंकलं तर एक सूर आणि आत ओढलं तर दुसरा. सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेतला तर साधी गाणी सी मध्येच वाजतात, पण ब्लूजवाले त्याच वाद्यावर जी ला सा धरतात, म्हणजे दुसऱ्या भोकातला आत ओढायचा सूर हा षड्ज झाला. असं का? कारण ओढलेला सूर जिभेने आणि घशाने वाकवता येतो, खाली उतरवता येतो. तिसऱ्या भोकात ओढलं की शुद्ध गंधार मिळतो, जीभ मागे खेचली की तो घसरत कोमल गंधारावर येतो, अजून खेचली तर रिषभ. ब्लूजचा जीव त्या दोन गंधारांच्या मधे कुठेतरी आहे, धड शुद्ध नाही धड कोमल नाही, पेटीवर ती जागाच नाही. आपल्याकडे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकलेल्या कानाला हे पटकन कळतं, माझे विद्यार्थी सूर वाकवायला महिने घेतात पण तो ऐकून ओळखायला त्यांना पाच मिनिटं लागत नाहीत. सनी बॉय तो सूर वाकवायचे आणि वर दोन्ही हातांची ओंजळ वाद्याभोवती मिटून उघडायचे, मग तोच एक सूर बोलल्यासारखा, हुंदका दिल्यासारखा यायचा, आणि कधीकधी हात सोडून माउथ ऑर्गन नुसता तोंडात धरून वाजवायचे. आवाज मोठा नाही, सुरांची गर्दी तर अजिबात नाही, एक छोटी ओळ गायची, थांबायचं, मग वाद्याने उत्तर द्यायचं.

आणि हा माणूस पहिली रेकॉर्ड करतो कधी, तर 1951 मध्ये, मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या ट्रम्पेट कंपनीसाठी. म्हणजे रेडिओवर येऊन दहा वर्षं होत आली तोवर बाजारात त्याची एक तबकडी नव्हती, तरी अख्खा डेल्टा त्याला आवाजावरून ओळखत होता, इतका की इंटरस्टेट ग्रोसरने सनी बॉय नावाचं मक्याचं पीठ काढलं आणि पिशवीवर त्याचंच चित्र छापलं. 1963 मध्ये ते युरोपला गेले, तिथली पोरं त्यांच्या पायाशी बसली, द यार्डबर्ड्स आणि द ॲनिमल्ससारख्या बँड्सनी त्यांच्याबरोबर वाजवलं, पण शेवटी परत आले ते हेलेनालाच, पुन्हा त्याच दुपारच्या प्रोग्रॅमला बसायला लागले, आणि मे 1965 मध्ये तिथेच वारले.

हेलेनाचं नुसतं गोड चित्र मला रंगवायचं नाहीये. हे गाव ज्या फिलिप्स काउंटीत येतं तिथेच 1919 मध्ये एलेन गावाजवळचं हत्याकांड झालं. अर्धेलीवरचे काळे शेतकरी कापसाला रास्त भाव मिळावा, हिशोब लेखी मिळावा म्हणून संघटना करत होते, 30 सप्टेंबरच्या रात्री चर्चमधल्या त्यांच्या बैठकीच्या बाहेर गोळीबार झाला, आणि पुढच्या काही दिवसात गोऱ्या जमावाने आणि सैनिकांनी किती काळी माणसं मारली याचा धड आकडा आजही नाही, शंभरपासून दोनशेच्या वर असे अंदाज आहेत. वर शिक्षा कुणाला, तर 12 काळ्यांना फाशीची. ती केस सुप्रीम कोर्टात गेली, 1923 मध्ये मूर विरुद्ध डेम्प्सी हा निकाल आला आणि शेवटी ती माणसं सुटली. हेलेनात कोर्टासमोर त्याचं स्मारक झालं ते शंभर वर्षांनी, 2019 मध्ये. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 1941 मध्ये रेडिओ ऐकणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला हे सगळं आठवत होतं, आणि त्या गावात एक काळा माणूस रोज दुपारी माइकवर गातो ही केवढी गोष्ट होती हे त्याशिवाय कळत नाही.

नंतर गाव ओसरत गेलं. कापूस वेचायची मशीन आली, पलीकडे क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लांटेशनवर 1944 मध्येच पेरणीपासून वेचणीपर्यंतचं पीक यंत्रावर काढून दाखवलं होतं, मग माणसांची गरजच उरली नाही. लोक शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइसला गेले, गाणारे पण गेले. 1979 मध्ये टायरचा कारखाना बंद पडला. फिलिप्स काउंटीची लोकसंख्या 1950 मध्ये 46,000 च्या वर होती, 2020 च्या जनगणनेत ती 17,000 पण भरली नाही. नदीला समांतर जो मुख्य रस्ता आहे, चेरी स्ट्रीट, तिथल्या विटांच्या सुंदर दुमजली इमारती एकेक करून रिकाम्या झाल्या. रेडिओचा प्रोग्रॅमही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं बंद होता.

अशा वेळी, 1986 मध्ये, गावातल्याच लोकांनी ठरवलं की या मेलेल्या बाजारपेठेत लोकांना परत आणायचं तर आपल्याकडे आहे काय, आणि उत्तर एकच होतं, तो पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम. त्याच्या नावाने त्यांनी फेस्टिव्हल सुरू केला. त्याच वर्षी रेडिओवरचा प्रोग्रॅमही पुन्हा सुरू झाला. तसा ब्लूज फेस्टिव्हल हा प्रकार तेव्हा नवा नव्हता, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला 1969 मध्ये झाला होता, नदीपलीकडे ग्रीनव्हिलला 1978 पासून होत होता, शिकागोचा 1984 पासून. पण हेलेनाकडे जे होतं ते यातल्या कुणाकडे नव्हतं. ज्या दुपारच्या प्रोग्रॅमवर अख्खी पिढी वाढली तो इथून व्हायचा आणि त्यात वाजवलेली माणसं अजून जिवंत होती.

ती माणसं आली पण. लॉकवुड वर्षानुवर्षं येत राहिले, त्यांना गिटार शिकवली ती रॉबर्ट जॉन्सन या डेल्टातल्या गाजलेल्या ब्लूज गिटारवाल्याने, तो लॉकवुड यांच्या आईबरोबर राहायचा, त्या नात्याने सावत्र बापच म्हणायचा. पाइनटॉप पर्किन्स यायचे, हे आधी गिटार वाजवायचे, हेलेनातच एका भांडणात डाव्या हातावर सुरी लागली, शिरा तुटल्या, मग फक्त पियानो, आणि तोच पियानो वाजवत ते 97 वर्षं जगले. फ्रँक फ्रॉस्ट आणि सॅम कार हे वाजवणारे तर त्याच भागातले. आणि सीडेल डेव्हिस. हे हेलेनात जन्मलेले, लहानपणी पोलिओने हातांची बोटं वळेनाशी झाली, तर यांनी गिटार उलटी धरली आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुरीची मूठ तारांवरून सरकवत वाजवायला शिकले. धातू तारेवर घासल्याचा तो कर्कश आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बेसूर वाटला होता. दुसऱ्यांदा ऐकताना कळलं की बेसूर काही नाहीये, त्यांची स्वतःची पट्टी आहे आणि ती शेवटपर्यंत कुठे हलत नाही.

लॉकवुड 2006 मध्ये वारले, तारीख 21 नोव्हेंबर. पहिल्या प्रोग्रॅमला त्या दिवशी बरोबर 65 वर्षं झाली होती.

जागेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिसिसिपीला पूर येतो म्हणून गाव आणि नदी यांच्यामध्ये मातीचा उंच बांध घातलाय, त्यावर गवत. मुख्य स्टेज बांधाच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, आणि लोक उतारावर खुर्च्या, सतरंज्या टाकून बसतात. नाट्यगृहात पायऱ्या असतात तसा हा उतार, मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं आणि आवाज थेट येतो, साउंडवाल्याला यापेक्षा चांगली जागा मागून मिळणार नाही. पाठीमागे नदी, मधूनच बार्जचा, म्हणजे मालवाहू बोटीचा भोंगा. पण माझा निम्मा वेळ चेरी स्ट्रीटवर जायचा, तिथे फुटपाथवर, बंद दुकानांच्या दारात, जागा दिसेल तिथे छोटा ॲम्प्लिफायर लावून लोक वाजवत असतात. माझ्या दुसऱ्या वर्षी असाच एक म्हातारा खुर्चीवर बसून माउथ ऑर्गन वाजवत होता, मी शेजारी बराच वेळ उभा राहिलो तेव्हा त्याने थांबून माझे हात हातात घेतले, ओंजळ कशी मिटायची, करंगळीच्या बाजूने फट किती ठेवायची हे दाखवलं आणि परत वाजवायला लागला, एक शब्द बोलला नाही. सात वर्षं मी ती फट चुकीची ठेवत होतो. आज माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराचे हात मी तसेच धरून दाखवतो.

खायला तमाले नक्की घ्या, मक्याच्या पिठात मसालेदार मांस भरून मक्याच्याच पानात गुंडाळून शिजवतात, आपल्या पातोळ्या हळदीच्या पानात असतात ना तसं उघडून खायचं.

मधली काही वर्षं अवघड गेली. किंग बिस्किट या नावाच्या ट्रेडमार्कवरून वाद झाला, कारण सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजूला एक रॉक रेडिओ शो निघाला होता, 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर', त्याचं नावच मुळात हेलेनाच्या प्रोग्रॅमवरून घेतलेलं, पण हक्क तिकडे. त्यामुळे 2005 पासून हेलेनाच्या फेस्टिव्हलला आर्कान्सॉ ब्लूज अँड हेरिटेज फेस्टिव्हल म्हणावं लागलं. गावातले लोक तरी बिस्किटच म्हणायचे. 2010 मध्ये नावाचा प्रश्न सुटला आणि जुनं नाव परत आलं. आधी मुख्य स्टेज फुकट होतं, नंतर तिकीट लागलं, त्यावर बरीच नाराजी झाली, माझं मत विचाराल तर खर्च बघता दुसरा इलाज नव्हता, आणि चेरी स्ट्रीटवरचं वाजवणं आजही तिकीट न काढता ऐकता येतं. 2020 ला कोविडमुळे लोक जमले नाहीत, 2021 ला परत जमले.

या सगळ्यात एक माणूस कायम होता, सनी पेन. पोरवयात स्टेशनवर कामाला लागले, 1951 पासून प्रोग्रॅमचे निवेदक, आणि 2018 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी वारले तोपर्यंत तेच. प्रोग्रॅमचे भाग 17,000 च्या पुढे गेले, 1992 मध्ये पीबॉडी हा रेडिओ-टीव्हीसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. रोज सुरुवात ठरलेली, बिस्किटं इकडे सरकवा, किंग बिस्किट टाइम झाला. नंतरच्या काळात प्रोग्रॅम चेरी स्ट्रीटवरच्या डेल्टा कल्चरल सेंटर या म्युझियममधून व्हायला लागला, कुणीही जाऊन समोर बसावं, आणि पेन यांची सवय अशी की आलेल्या पाहुण्याला माइकपाशी घ्यायचं आणि कुठून आलात विचारायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याकडे काय घेता येईल. मुंबईत फेब्रुवारी 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचे नामवंत ब्लूज गिटारवाले बडी गाय आले, शिलाँगचा सोलमेट बँडही होता, त्या फेस्टिव्हलने इकडच्या कित्येक पोरांना ब्लूजची गोडी लावली आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो मोठ्या कंपनीच्या पाठबळावर चालतो, ते तुम्हाला मला जमण्यातलं नाही. हेलेनाची पद्धत जमण्यासारखी आहे, आणि ती म्हणजे फेस्टिव्हलपासून सुरुवात करू नका. लोक मला विचारतात कुठला स्टार बोलवू, बजेट किती लागेल, मी म्हणतो आधी दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास वाजवा, चहाच्या दुकानात का असेना, आणि ते दोन वर्षं चुकवू नका. हेलेनात फेस्टिव्हलच्या आधी 45 वर्षांचा रोजचा रियाज होता, मधे खंड पडला तरी गावाला ती वेळ पाठ होती. आणि स्थानिक दुकानदाराला बरोबर घ्या, त्याचा माल विकला गेला पाहिजे, त्यात कमीपणा काही नाही, सनी बॉयनी मैदा विकला.

दुसरं म्हणजे गाणं आपल्या मातीतलं असेल तर जास्त चालेल. ब्लूजच हवा असा हट्ट मी ब्लूजवाला असून धरत नाही. खानदेशात, मराठवाड्यात वेचणीच्या, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांच्या गावात, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत माइक लावून बघा.

तोवर हेलेना ऐकायचं असेल तर ऑनलाइन ऐकता येतं. प्रोग्रॅम अजून सोमवार ते शुक्रवार, तिथल्या दुपारी सव्वाबारालाच असतो, म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे रात्रीचे पावणेअकरा, तिकडे घड्याळं मागे घेतली की पावणेबारा. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तो वाकवलेला गंधार नीट कळत नाही.